बिबट्या पालीचे पचन व उत्सर्जन

भिंतीवर वावरणाऱ्या पालीची लेंडी खिडकीच्या चौकटीवर किंवा फडताळामागे पडलेली पुष्कळांनी पाहिली असेल. ती काळपट व लांबट असते आणि तिच्या एका टोकाला खडूसारखा पांढरा ठिपका असतो. केर काढताना या ठिपक्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु कोरड्या प्रदेशात राहणारे प्राणी पाणी कसे राखून ठेवतात, हे त्यावरून समजते. आणि पाल पाळलेली असेल तर तिची प्रकृती कशी आहे, हेही त्यावरून पुष्कळसे ओळखता येते. अशा पाळीव पालींमध्ये बिबट्या पाल, म्हणजेच लेपर्ड गेको, ही युरोप व अमेरिका येथे विशेष लोकप्रिय आहे.

मूळ निवास

या पालीचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस असे आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ साली तिचे प्रथम वर्णन केले. त्यांनी वर्णिलेला नमुना पंजाबातील मिठाच्या डोंगररांगांमधील होता. हा प्रदेश आज पाकिस्तानात आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत येथील खडकाळ, कोरडी माळराने हे तिचे घर होय. तिच्याच प्रजातीतील एक निराळी जाती गुजरात व महाराष्ट्र येथे आढळते.

घरातील पालीहून ती दोन बाबतींत वेगळी आहे. तिला हलणाऱ्या पापण्या असतात, आणि बोटांखाली चिकटून राहण्याच्या गाद्या नसल्यामुळे ती गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही. पूर्ण वाढलेली पाल शेपटीसह सुमारे २० ते २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या जाड शेपटीत चरबी साठविलेली असते आणि अन्नाच्या दुष्काळात हा साठा उपयोगी पडतो. ती दिवसा दगडांच्या सांदीत दडून राहते आणि संधिप्रकाशात व रात्री भक्ष्य शोधते.

ऊब आणि पचन

बिबट्या पाल केवळ कीटक व तत्सम लहान प्राणी खाते. पाळलेल्या पालीस रातकिडे, झुरळे किंवा पिठात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या देतात. भक्ष्य दातांनी चेचून ती ते गिळते. जठरातील अम्ल व पाचकरस मांसल भाग विरघळवितात. कीटकांच्या कठीण कवचाचा पुष्कळ भाग मात्र न पचता आतड्यातून पुढे जातो व विष्ठेला काळपट तपकिरी रंग आणतो.

माणसाच्या शरीराचे तापमान आतूनच राखले जाते. पालीचे तसे नाही. तिची ऊब परिसरातून येते, आणि पाचकरसांचे कार्य व आतड्यांची हालचाल या दोन्ही गोष्टी त्या उबेवर अवलंबून असतात. रानात उन्हाने तापलेले दगड रात्रीही काही काळ गरम राहतात व त्यांच्या सांदीत तिचे पोट शेकले जाते. काचेच्या पेटीत ही सोय मुद्दाम करावी लागते. पेटीच्या एका बाजूची जमीन सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस व दुसरी बाजू सुमारे २५ अंश ठेवली, म्हणजे पाल आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते. उष्णता देणाऱ्या साधनाला तापनियंत्रक जोडणे अवश्य आहे, नाहीतर तिचे पोट भाजण्याचा धोका असतो. उलट पेटी थंड राहिली तर गिळलेले अन्न जठरात पडून राहते. पाल ते ओकून टाकते किंवा तिला बद्धकोष्ठ होतो. अन्न उत्तम असूनही पाल खंगत असेल, तर प्रथम तापमापक पाहावा.

पांढरा ठिपका

प्रथिनांच्या पचनातून नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्ये निर्माण होतात आणि ती शरीराबाहेर जावीच लागतात. माणूस व इतर सस्तन प्राणी ती यूरियाच्या रूपाने टाकतात. यूरिया पाण्यात विरघळतो. म्हणून मूत्राबरोबर पुष्कळ पाणी खर्च होते. पाल व पक्षी यांनी निराळा मार्ग पत्करला आहे. त्यांच्या शरीरात यूरिक अम्ल तयार होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे थोड्याशा पाण्यात त्याचा पांढरा गोळा करून तो टाकता येतो. अंड्यात वाढणाऱ्या गर्भालाही याचा लाभ होतो. बंद कवचात साठलेले हे न विरघळणारे द्रव्य त्याला बाधत नाही.

पालीच्या शरीरात आतडे व मूत्रमार्ग एकाच पोकळीत उघडतात. या पोकळीला अवस्कर म्हणतात. मल व यूरिक अम्ल तेथे एकत्र येतात आणि बाहेर पडण्यापूर्वी त्यांतील पाणी पुन्हा शोषले जाते. म्हणूनच निरोगी पालीच्या विष्ठेत घट्ट तपकिरी भाग आणि त्याला लागून मऊ पांढरा भाग, असे दोन भाग स्पष्ट दिसतात. पांढरा भाग पिवळसर, कठीण व कोरडा होऊ लागला, तर पालीला पाणी कमी पडत असल्याचा संभव असतो. ताजे पाणी आणि दमट शेवाळ घातलेला एक आडोसा पेटीत नेहमी असावा.

एकच कोपरा

बिबट्या पाल बहुधा पेटीतील एकच कोपरा मलविसर्जनासाठी निवडते व पुनःपुन्हा तेथेच जाते. ही सवय तिला कोणी शिकविलेली नसते. तिच्याच कुळातील, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात राहणारी पट्टेरी पालही ठरावीक जागी विष्ठेचे ढीग करते. विष्ठेच्या वासावरून पाली एकमेकींची ओळख पटवितात, असे या वर्तनाचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

पाळणाऱ्याला ही सवय फार सोयीची ठरते. त्या कोपऱ्यात साधा कागद अंथरला की स्वच्छता सोपी होते आणि प्रत्येक विष्ठा डोळ्यांखालून जाते. वाढत्या वयाचे पिलू जवळजवळ रोज, तर प्रौढ पाल साधारणपणे दोन-तीन दिवसांनी मलविसर्जन करते. नेहमीचा कोपरा एकाएकी सोडणे, हेही पाहण्याजोगे लक्षण आहे. पुष्कळदा पेटीची मांडणी बदलल्यामुळे असे घडते. क्वचित ते आजाराचे चिन्ह असते.

रोगाची पारख

आजारी पाल ओरडत नाही, कण्हत नाही. दुर्बळता लपविणे हा रानातील लहान प्राण्याचा स्वभावच आहे. त्यामुळे रोगाची पहिली खूण बहुधा विष्ठेतच मिळते.

अन्न घेऊनही बरेच दिवस मलविसर्जन न होणे, पोट फुगणे व कुंथणे ही आतड्यातील अवरोधाची लक्षणे होत. सुटी वाळू गिळणे, फार मोठे भक्ष्य, अपुरी ऊब व पाण्याची कमतरता ही त्याची सामान्य कारणे आहेत. म्हणून तळाशी सुट्या वाळूऐवजी कागद किंवा सपाट फरशी घालणे बरे. भक्ष्य पालीच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून रुंद असू नये. कॅल्शियमच्या अभावाने हाडांप्रमाणे आतड्यांचे स्नायूही दुबळे होतात. त्यासाठी कीटकांवर कॅल्शियमची व ड जीवनसत्त्वाची पूड भुरभुरतात.

पातळ, दुर्गंधी विष्ठा वारंवार होणे, अन्न ओकणे आणि शेपटी काडीसारखी बारीक होत जाणे, ही लक्षणे अधिक गंभीर आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म परजीवी आदिजीव आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि अन्नरसाचे शोषण बिघडवितो. शेपटीतील चरबी आटते व पाल झिजत जाते. या रोगावर खात्रीचा उपाय नाही. परजीवीचे बीजकोश विष्ठेतून पसरतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. ते प्रत्येक विष्ठेत सापडतीलच असेही नाही. म्हणून एकाच तपासणीवर विसंबता येत नाही. नवी पाल आणल्यावर तिला निदान दोन-तीन महिने वेगळ्या पेटीत ठेवावे, तिची भांडी निराळी असावीत आणि तिच्या विष्ठेचे ताजे नमुने पशुवैद्याकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावेत. एवढी दक्षता न घेतल्यास एका पालीमुळे घरातील सर्व पाली दगावू शकतात.

माणसाचे आरोग्य

साल्मोनेला नावाचे जंतू वरकरणी निरोगी दिसणाऱ्या पालीच्या आतड्यातही असू शकतात. ते विष्ठेतून तिच्या कातडीवर व पेटीत पसरतात. मनुष्याला त्यांच्यामुळे ताप, अतिसार व पोटदुखी होते, आणि लहान मुलांत हा आजार जिवावर बेतू शकतो. याच कारणासाठी अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाल हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, तिची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुले, वृद्ध व रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांनी तिला हाताळू नये. भारतात रानातील प्राणी पकडून घरी ठेवण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांच्याकडे अशी पाल आहे त्यांनी एक साधी वही ठेवावी. तारीख, दिलेले अन्न, विष्ठेचे स्वरूप आणि आठवड्यातून एकदा घेतलेले वजन, एवढ्या चार गोष्टी तीत लिहाव्यात. नीट निगा राखल्यास ही पाल १५ ते २० वर्षे जगू शकते. तिच्या शरीरातील बिघाड सुरू झाल्यापासून तो डोळ्यांना दिसेपर्यंत बराच काळ जातो. वहीतील नोंदींमुळे तो काळ कमी होतो, आणि उपचार बहुधा वेळेवर सुरू करता येतात.