पाडव्याचा रकाना

सोमवारी आमच्या पुण्यातल्या एजन्सीतून सगळ्या क्लायंटना जाहिरातींचा आठवड्याचा रिपोर्ट जातो. सराफ असो, टू-व्हीलरची शोरूम असो की अमेरिकेतली कंपनी, स्क्रिप्ट सगळ्यांना एकच. फरक असतो तो कॉन्फिग शीटमध्ये. प्रत्येक क्लायंटची एक ओळ: गूगल ॲड्सचा खाते क्रमांक, मेटाचा क्रमांक, चलन, टाइम झोन, एका लीडमागे किती खर्च चालेल, रिपोर्ट कुणाला धाडायचा. स्क्रिप्ट ओळ वाचते आणि त्याबरहुकूम आकडे आणते. नवा क्लायंट आला की कोडला हात लावायचा नाही, ओळ वाढवायची.

जपावं लागतं ते क्रमांकांपासूनच. मेटाच्या कॅम्पेनचे आयडी बरेचदा १५ अंकांहून लांब असतात आणि एक्सेल काय, गूगल शीट्स काय, संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतात. पुढच्यांचे शून्य होतात. असा आयडी दिसायला खरा, पण त्याचं कॅम्पेन जगात कुठेच नसतं. म्हणून रकाना आधी प्लेन टेक्स्ट करायचा, मग पेस्ट. आकडा हजारपटीनं फुगला तर कुणाच्याही लक्षात येतो. खरी काळजी असते खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या आकड्याची.

जीएसटीचा वेगळा रकाना आहे. गूगल ॲड्सच्या खात्यात दिसतो तो कर सोडून खर्च, क्लायंटच्या अकाउंटंटसमोर असतं ते १८ टक्के लावलेलं बिल. दोघंही बरोबर, आणि वाद मात्र दर महिन्याला. टाइम झोनचा रकाना यासाठी: लॉस एंजेलिसच्या क्लायंटचा दिवस आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला संपतो, हिवाळ्यात दीडला. पुण्यात सोमवारची सकाळ असते तेव्हा त्यांचा रविवार अजून चालू असतो, म्हणून त्यांचा रिपोर्ट संध्याकाळी निघतो.

पण माझ्या मते शीटमधला सगळ्यात मोलाचा रकाना ‘तुलना कशाशी’ हा. बहुतेक रिपोर्ट यंदाचा मार्च गेल्या मार्चशेजारी ठेवतात. सराफाच्या धंद्यात हे चालत नाही. गुढी पाडवा २०२३ साली २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवाच नव्हता आणि २०२४-२५ मध्ये दोन आले. मार्च २०२५ ची तुलना मार्च २०२४ शी केली तर जाहिरातींनी कमाल केली असं वाटेल. एप्रिलची केली तर त्या पार फसल्या असं. कौतुकही फुकटचं, बोलणीही फुकटची. म्हणून सराफाच्या ओळीत या रकान्यात महिना नसतो, ‘सण’ असतो. सणांचा वेगळा टॅब आहे: पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी, दर वर्षाच्या तारखांसह. स्क्रिप्ट यंदाच्या पाडव्याआधीचे दिवस गेल्या पाडव्याआधीच्या दिवसांशी ताडून बघते. टू-व्हीलरवाल्यांचं आणखी निराळं. बुकिंग आधी होतं, गाडी मुहूर्तावर घरी येते. त्यामुळे तिथे विक्रीची तारीख डिलिव्हरीची धरायची नाही, बुकिंगची धरायची.

हे कोड लिहिणाऱ्याला कुठून कळणार? ते कळतं दुकानात जाऊन बसणाऱ्या अकाउंट मॅनेजरला. तिला प्रोग्रॅमिंग येत नाही, येण्याची गरजही नाही. तिला समजलेलं ती थेट शीटमध्ये लिहू शकते, हेच या पद्धतीचं बळ. मात्र शीट कुणालाही बदलता येते, हा तिचा धोकाही तितकाच मोठा. लीडमागचा खर्च ३५० चा ४२० झाला, तर व्हर्जन हिस्टरी कुणी आणि कधी बदलला ते सांगते. का बदलला, ते सांगत नाही.

तुमच्याकडे अशी शीट असेल तर आजच तिच्यात ‘कारण’ नावाचा रकाना वाढवा, आणि तो रिकामा असेल तर बदल मंजूर करू नका.