आंध्रातील लूथरन आश्रम-चळवळ : एकांतसाधना आणि जातिप्रश्न

प्रस्तावना

रोजच्या व्यवहारापासून काही दिवस दूर राहून उपासना, चिंतन व धर्मग्रंथाचे वाचन करण्याची प्रथा अनेक धर्मांत आढळते. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांतील एतिकाफ हे तिचे परिचित उदाहरण होय. ख्रिस्ती समाजात अशा साधनेस 'रिट्रीट' म्हणतात. तेलुगूभाषक लूथरन समाजात ती आश्रमाच्या रूपाने कशी रुजली व तिच्यातून कोणता प्रश्न उभा राहिला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लूथरन विचारातील स्थान

मार्टिन लूथर १५०५ मध्ये मठात दाखल झाले. परंतु १५२१ मध्ये त्यांनी मठवासाच्या व्रतांवर कठोर टीका केली. संसार व व्यवसाय करीत असतानाच ईश्वराची सेवा घडते, असे त्यांचे मत होते. मात्र प्रार्थनेची शिस्त त्यांनी सोडली नाही. १५३५ मध्ये त्यांनी आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेच्या पद्धतीवर पुस्तिका लिहिली. आजन्म संन्यासापेक्षा गृहस्थांसाठी अल्पकालीन साधना या विचाराशी अधिक जुळणारी होती.

भारतीय पार्श्वभूमी

भारतात या साधनेला आश्रमाचे रूप मिळाले. महाराष्ट्रात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये सातारा येथे, तर जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाद्वारे असे प्रयत्न केले. मेथडिस्ट पंथाचे स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० मध्ये कुमाऊँतील सातताल येथे आश्रम सुरू केला. तेथे पदव्या बाजूला ठेवून साफसफाईची कामेही सर्वांनी करावीत, असा दंडक होता.

आंध्रातील वाटचाल

अमेरिकन मिशनरी हायर १८४२ मध्ये गुंटूरला आले. पुढे १९२७ मध्ये आंध्र इव्हँजेलिकल लूथरन चर्चची स्थापना झाली. चर्चचे बहुसंख्य सभासद माला व मादिगा या दलित जातींतील होते. सवर्ण हिंदूंपैकी काहींना ख्रिस्ती शिकवणीविषयी ओढ वाटत असे; परंतु चर्चमध्ये जाणे म्हणजे आपला समाज सोडणे, असा अर्थ लावला जाई.

कम्मा कुटुंबातून ख्रिस्ती झालेल्या व राजमहेंद्रीच्या बायबल प्रशिक्षण विद्यालयाच्या प्राचार्य बी. व्ही. सुब्बम्मा यांनी हा अडसर ओळखला. १९७० च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी सवर्ण हिंदूंसाठी स्वतंत्र मार्ग सुचविला व आश्रमांचा पुरस्कार केला. एकत्र राहून बायबलचा अभ्यास करण्याची ही जागा विशेषतः स्त्रियांना चर्चपेक्षा मोकळी वाटेल, असा त्यामागील विचार होता.

आक्षेप

जात न ओलांडता धर्म स्वीकारता येत असेल, तर समतेचे काय, हा यावरील मुख्य आक्षेप होय. १९८१ पासून महाराष्ट्रातील अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मशास्त्राची मांडणी केली. भारतीय ख्रिस्ती चिंतन ब्राह्मणी परंपरेकडे झुकलेले असून चर्चमधील दलित बहुसंख्याकांचे दुःख त्यात उमटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विशेष म्हणजे पुढे चेन्नईच्या गुरुकुल या लूथरन महाविद्यालयातच त्यांनी या विषयाचे अध्यापन केले.

हैदराबादचा संदर्भ

लूथरन व इतर चर्चांनी १९६४ मध्ये राजमहेंद्रीत स्थापन केलेले आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेज १९७३ मध्ये हैदराबादला आले. इस्लामच्या अभ्यासासाठी १९३० मध्ये लाहोरला स्थापन झालेली हेन्री मार्टिन संस्था १९७१ मध्येच येथे आली होती. त्यामुळे धर्मशिक्षण व आंतरधर्मीय संवाद यांची केंद्रे एकाच शहरात आली.

निष्कर्ष

आश्रमाने अनेकांना धर्माच्या दारापर्यंत येण्याची सोय केली. परंतु आत आल्यावर एका पंक्तीत बसण्याचा प्रश्न त्याने सुटला नाही. एकांतातील साधनेची कसोटी अखेर समाजातील वर्तनातच लागते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.