मज्जारज्जूची इजा व रक्तदाबाचे नियमन

मेंदू आज्ञा देतो व मज्जारज्जू त्या केवळ वाहून नेतो, ही समजूत अपुरी आहे. मज्जारज्जूच्या स्वतःच्या प्रतिक्षिप्त क्रिया असतात. मेंदू त्यांना आवर घालतो. ६ व्या वक्षीय खंडाशी अथवा त्याच्या वर गंभीर इजा झाल्यास हा आवर सुटू शकतो. अशा रुग्णाचे मूत्राशय तुडुंब भरले तरी त्यास ते जाणवत नाही. मात्र इजेखालील मज्जारज्जूस तो संदेश पोहोचतो, अनुकंपी चेता रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. मानेच्या रोहिण्यांतील दाबग्राहींमुळे लंबमज्जेस ही वाढ कळते. व्हेगस चेता मज्जारज्जूतून जात नसल्याने हृदयगती मंदावता येते. परंतु रक्तवाहिन्या शिथिल करण्याचा आदेश इजेपाशीच अडतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो. क्वचित मेंदूत रक्तस्रावही संभवतो. अशा व्यक्तींचा वरचा रक्तदाब एरवी बहुधा ९० ते ११० असतो. म्हणून इतरांच्या बाबतीत फारसा न खटकणारा १४० हा आकडा येथे धोक्याचा होय. रुग्णास आडवे करण्याची आपली सवय येथे घातक ठरते. त्यास ताठ बसवावे, कपडे सैल करावेत आणि मूत्रनलिका कोठे मुडपली आहे काय, हे आधी पाहावे.