शब्दांची भावकी
माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहून मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो. कवितेत 'काळीज' आलं की रसिक म्हणतात, "वा, अस्सल मराठी!" आणि 'बदनाम' आला की तेच रसिक हळूच विचारतात, "हा तुमच्याकडचा शब्द ना?" श्रोतेहो, आज या 'तुमच्याकडचा' आणि 'आमच्याकडचा' याविषयीच थोडं बोलायचं आहे.

'बदनाम' फारसीतून आला हे खरंच. पण तो मोडून बघा. 'बद' म्हणजे वाईट, 'नाम' म्हणजे नाव. इंग्रजीत वाईटाला 'बॅड' आणि नावाला 'नेम' म्हणतात. कुणालाही वाटेल, दोन्ही जोड्या एकाच घरच्या. प्रत्यक्षात 'नाम' आणि 'नेम' हे सख्खे, तर 'बद' आणि 'बॅड' यांचा काडीचाही संबंध नाही. इस्लामपूर्व काळातल्या पहलवी भाषेत 'बद'चं रूप 'वद' असं होतं. मागे मागे जावं तसे हे दोघे एकमेकांपासून लांब जातात. सख्ख्या शब्दांचं उलट असतं, मागे जावं तसे ते जवळ येतात.

आपल्याकडे नाती लावताना भावकी वेगळी, सोयरे वेगळे आणि नुसता तोंडवळा सारखा असणारी माणसं वेगळी. शब्दांचंही तसंच आहे.

मग भावकी ओळखायची कशी? 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी एक भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या कुठल्यातरी एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं त्यांनी त्यात सांगितलं. जर्मन घराणं आणि फारसी हीसुद्धा त्याच गोतातली असावीत, असा त्यांचा कयास होता. पुढे 1822 मध्ये याकोब ग्रिम यांनी त्यातले नियम दाखवले. (हो, परीकथा जमवणाऱ्या बंधूंपैकीच थोरले.) संस्कृत, लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी जिथे 'प', तिथे इंग्रजी-जर्मनकडे 'फ'. 'पितृ' आणि 'फादर', 'पाद' आणि 'फूट', 'पंच' आणि 'फाइव्ह'. एखादा शब्द दिसायला सारखा आहे म्हणून नव्हे, तर फरकसुद्धा नियमाने पडतो म्हणून नातं पक्कं होतं.

फारसीचीही अशी एक खोड आहे. आपल्या 'स'चा तिथे 'ह' होतो. 'मास'चा 'माह', 'सप्त'चा 'हफ्त'. याच 'हफ्त'वरून आपला 'हप्ता' आला. म्हणजे पतसंस्थेच्या हप्त्यात सातचा आकडा दडलेला आहे, आता तो महिन्याने भरावा लागतो ही गोष्ट निराळी. आणि 'आठवडा' मात्र आठावरून! दिवस दोन्हीकडे सातच.

सगळ्यात बोलकी जोडी 'बांध' आणि 'बंद' यांची. शेताचा बांध संस्कृतकडून आला, दुकानाचं 'बंद' फारसीकडून. मूळ धातू एकच. इंग्रजीतला 'बाइंड' आणि जर्मनमधला 'बिंडेन' हेही त्याच घरचे. उजनी धरण आमच्याच माढा तालुक्यात, त्यामुळे बांध-बंधारे हे शब्द इथे रोज कानावर पडतात. तेव्हा 'बंद' हा शब्द परका म्हणायचा, की चुलत्याच्या घरून परत आलेला?

अरबी मात्र निराळ्या कुळातली. तिच्याशी आपली सोयरीक झाली ती बहुतेक फारसीच्या मध्यस्थीने. 'जिल्हा' म्हणजे मुळात बरगडी, बाजू. 'तालुका'च्या मुळाशी लटकणं, जोडलेलं असणं आहे. दक्षिणेकडून कन्नडही अशीच सोयरी झाली. सुपारीला कन्नडमध्ये 'अडके' म्हणतात, त्यातून आपला 'अडकित्ता' आला. आणि हा व्यवहार एकतर्फी नाही बरं का! आमच्या घरची दखनी बोली 'नक्को' म्हणते, हैदराबादही म्हणतं. तो शब्द मराठी 'नको'कडूनच नेलेला आहे.

शब्द निवडून घ्यायला माझी हरकत नाही. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, त्यात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कारभाराची भाषा आपली असावी, हा राजाचा विचार होता. माधव जूलियन यांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. ज्यांना फारसी उत्तम येत होती, त्यांनीच ती वेचून बाजूला केली. तो जाणत्याचा निर्णय. शब्दाचं कूळ न विचारता केवळ कानाला लागेल तसा त्याला धर्म चिकटवणं, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही.

शिवाय सोयऱ्याघरी आलेला शब्द पहिल्यासारखा राहतो कुठे? फारसीत 'शिकस्त' म्हणजे पराभव, मोडणं. मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे जिंकण्यासाठी जिवाचं रान करतो. 'फाजील' अरबीत विद्वान, गुणवान; इथे लाड फाजील होतात. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, घरापासून दूर पडलेला माणूस. मराठीत आल्यावर त्याचं परकेपण गळालं, नडलेपण आणि मवाळपण तेवढं उरलं. आता आपण गोठ्यातल्या गाईलाही गरीब म्हणतो.