कडवंचीचं पाणी कुठून येतं?

जालना–सिंदखेडराजा रस्त्यावरून आत वळलं की कडवंचीचं शिवार लागतं. जरा उंचावर उभं राहिलं तर द्राक्षांच्या मांडवांमधून चौकोनी शेततळी चमकताना दिसतात. एका गावात पाचशेहून अधिक. बाहेरगावचे शेतकरी येतात, तळ्यांचे फोटो काढतात आणि आपल्या रानात तसाच खड्डा घ्यायचा बेत करून परत जातात. पण कडवंचीचं मुख्य यंत्र त्या तळ्यांच्या वर, डोंगरउतारावर आहे. ते फोटोत मावत नाही, म्हणून त्याची नक्कलही फारशी होत नाही.

जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा काही अगदी वाईट नाही. अडचण अशी की त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. जमिनीखाली बेसॉल्टचा काळा पाषाण. पाणी मुरायला जागा वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये, तेवढीच. त्यामुळे श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर होळीपर्यंत तळ दाखवते. उतारावरचा पाऊस थांबत नाही, जाताना शेताची मातीही घेऊन जातो. पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न मग मागे पडतो. आलेलं पाणी धावण्याआधी अडवायचं कसं, हे सोडवावं लागतं.

१९९६च्या सुमारास कडवंचीत इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचं काम सुरू झालं. जर्मनीची आर्थिक मदत नाबार्डमार्फत येत होती, आणि या कार्यक्रमामागची मूळ कल्पना तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य घालवलेल्या फादर हर्मन बाकर यांची. जालन्यात काम उभं केलं ते मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं आणि त्याच्याच खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं. मंडळाचे विजयअण्णा बोराडे यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. सुमारे १,९०० हेक्टरचं ते पाणलोट क्षेत्र.

या कार्यक्रमाची रीत कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवावी अशी आहे. कार्यालयात नकाशा पसरून बांधांच्या रेघा मारायच्या नाहीत. गटागटावर जायचं, त्या रानाचा मालक आणि मालकीण दोघांनाही बांधावर उभं करायचं, मातीची खोली आणि उतार पाहायचा आणि या तुकड्यात काय करायचं ते तिथंच ठरवायचं. पाणी कुठून घुसतं आणि बांध कुठं फुटतो हे त्या दोघांना सर्वेक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतं. शिवाय सगळा निधी एकदम सुटत नसे. आधी पाणलोटाचा एक छोटा भाग करून दाखवायचा, गावानं श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. ते जमलं तरच पुढचं काम. कारखान्यात नवं यंत्र विकायला काढण्याआधी नमुना चालवून बघतात, तेच इथं मातीवर झालं.

कामाचा क्रमही ठरलेला: माथा ते पायथा. आधी डोंगरावर समतल चर, मग शेतात बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी नाल्यातले बांध. हा क्रम उलटा केला की पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत खालचा बंधारा वरून आलेल्या गाळानं भरून जातो. महाराष्ट्रात असे गाळानं भरलेले बंधारे शोधायला लांब जावं लागत नाही. बंधारा चटकन दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं. चराचं कुणी उद्घाटन करत नाही. इतक्या साध्या कारणानं क्रम मोडतो आणि पैसा वाया जातो.

शेततळी आली ती प्रामुख्यानं या पायावर, नंतरच्या वर्षांत.

शेततळ्याचं गणित सोपं आहे, पण ते करावं लागतं. राज्य सरकारच्या २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठं तळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. बाजूंना उतार द्यावा लागतो, नाहीतर काठ ढासळतात. म्हणून प्रत्यक्षात पाणी मावतं सुमारे २२ लाख लिटर. मुरमाड जमिनीत ते झिरपून जातं, त्यासाठी प्लास्टिकचं अस्तर. अस्तरानं झिरपणं थांबतं, पण ऊन थांबत नाही. भर उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तर एवढ्या पृष्ठभागावरून दिवसाला सात हजार लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. जितकं उथळ आणि पसरट तळं, तितका तोटा मोठा.

एवढं करूनही २२ लाख लिटर पाणी माणसाचं आयुष्य बदलतं. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते, नेमकी विहिरी आटण्याच्या दिवसांत. तेव्हा ठिबकानं थोडंथोडं पाणी मिळालं तरच पुढच्या हंगामाची काडी तयार होते. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, शहराला टँकरचं पाणी प्यावं लागलं. त्या वर्षी कडवंचीच्या बागा तगल्या. बाग तगली की गावातल्या गावात मजुरी मिळते, मुलांच्या शाळेत खंड पडत नाही.

आता दुसरी बाजू. हेच तळं पावसाच्या पाण्याऐवजी बोअरच्या पाण्यानं भरलं, तर त्याचा अर्थ पार बदलतो. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी उपसून एकाच्या अस्तरावर आणून ठेवायचं आणि त्यातला बराच भाग उन्हाला द्यायचा, असा तो व्यवहार होतो. राज्यात अनेक ठिकाणी हे घडतं आहे, अभ्यासकांनी ते नोंदवलंही आहे. त्यात शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर आधी आटते. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. गावोगाव फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या पाहिल्या तर ती कागदावरच आहे असं म्हणावं लागतं.

आणखी एक उणीव जिवावर बेतणारी आहे. ओल्या प्लास्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही. पोहणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही. शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तारेचं कुंपण, काठाला बांधलेला गाठींचा दोर आणि पाण्यावर तरंगती हवा भरलेली ट्यूब, याचा खर्च अस्तराच्या मानानं किरकोळ आहे. तो मूळ आराखड्यातच धरायला हवा.

तेव्हा यापुढे शेततळं मंजूर करताना कृषी खात्यानं आणि ग्रामसभेनं दोन गोष्टी आधी विचाराव्यात: हे तळं कोणत्या पाण्यानं भरणार, आणि वरच्या डोंगरावर काम झालं आहे का? हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक गावानं तो रब्बीच्या पेरणीआधी मांडावा, आणि कडवंचीला जाणाऱ्यांनी तळी पाहून झाल्यावर डोंगरही चढावा.