मांजर फुकट मिळते, पण खर्चाचे काय?

सुट्टी लागली की घराघरात मुलांचा हट्ट सुरू होतो, "अब्बू, मांजर पाळू या ना!" शेजारच्या इमारतीत कुणाची तरी मांजर व्यालेली असते, पिल्लू फुकट मिळते. आपल्या घरांत मांजराला मनाईही नाही. हदीसमध्ये मांजराला नापाक म्हटलेले नाही, आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी म्हटले आहे. मग अम्मीही म्हणतात, "खाऊन खाऊन खाणार किती? दस्तरखानावर उरतेच की काहीतरी."

खरा हिशोब इथूनच सुरू होतो. घरात नीट सांभाळलेले मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. आज चौथीत असलेला मुलगा नोकरीला लागेपर्यंत ही जबाबदारी चालणार आहे. म्हणून पिल्लू आणण्याआधी पुढचे खर्च कागदावर मांडावेत, असे आम्ही सुचवतो.

खाणे : उरलेल्या सालनावर मांजर पोसता येत नाही. त्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक असतो आणि मोठ्या मांजराला दूधही अनेकदा पचत नाही. चार किलोच्या मांजराला रोज साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडे खाद्य लागते, म्हणजे महिन्याला दोन किलोच्या आत. साधे खाद्य किलोला ३०० ते ५०० रुपये धरले, तर महिन्याला हजारापर्यंत जातात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शौचाच्या वाळूचा खर्च वेगळा.

लस : पिल्लू दोन महिन्यांचे झाले की पहिली लस, काही आठवड्यांनी दुसरा डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. पुढचे डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने. जंताचे औषध वेगळे. हा खर्च टाळला आणि मांजराने मुलाला ओरबाडले किंवा चावले, तर जखम लगेच साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. सरकारी रुग्णालयात इंजेक्शन मोफत मिळते, पण चार-पाच फेऱ्यांत रोजंदारी बुडते ती वेगळीच.

नसबंदी : भाटी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते. एकाची पाच मांजरे व्हायला वर्षही लागत नाही. वयात आलेला बोका पडद्यांवर, गादीवर लघवीचे फवारे मारतो. जानमाज पुन्हा पुन्हा धुवावी लागते. खासगी दवाखान्यात शस्त्रक्रियेला काही हजार रुपये लागतात. शरई बाजूबद्दल शंका असेल तर आपल्या भागातल्या आलिमांना विचारून घ्यावे.

आजारपण : सर्वात मोठा आणि अचानक येणारा खर्च हाच. बोका लघवीला बसतो, जोर लावतो आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आणखी एक, ताप आहे म्हणून मांजराला घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. एक गोळीही जीवघेणी ठरते. पैशांची अडचण असेल तर आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय जुने आणि माहितीतले आहे.

गावी जाताना : ईदला, लग्नाला सगळे घर गावी निघते. तेव्हा मांजर कुणाकडे? सांभाळणारी केंद्रे दिवसाप्रमाणे पैसे घेतात. शेजाऱ्यांवर भार टाकायचा तर आधी विचारावे, निघताना नव्हे.

हे वाचून कुणी मांजर पाळूच नये, असे आमचे म्हणणे नाही. वर्गात आम्ही पाहतो, ज्या मुलांवर एखाद्या जिवाची जबाबदारी असते, ती मुले हळुवार होतात. पण मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला त्यासाठी अजाब झाल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. घरात आणलेला जीव ही अमानत आहे. त्याला चार वर्षांनी मच्छी मार्केटजवळ सोडून येणे हा त्यावरचा उपाय नाही.

म्हणून आधी तीन महिने एक गल्ला ठेवा आणि दरमहा दीड हजार त्यात टाकून पाहा. घरखर्चाला धक्का न लागता जमले, तर खुशाल पिल्लू आणा. गल्ल्यातले पैसे पहिल्या लसींना आणि नसबंदीला उपयोगी पडतील. नाही जमले, तर दारात पाण्याचे भांडे आणि थोडे खाणे रोज ठेवा. मुलांना माया शिकवायला तेही पुरते आणि सवाबही मिळतो.