जुन्या मोटारीचे पासिंग: गॅरेजवाल्यांनी व मालकांनी काय पाहावे

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी गाड्या आज मुंबईच्या रस्त्यावर क्वचितच दिसतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे बाद झाली. परंतु खाजगी मालकांकडे पद्मिनी, अँबेसेडर, जुन्या जीप अजून आहेत, आणि त्यांची देखभाल करणारे उस्तादही कुर्ला, भायखळा, भिवंडी, पुणे, औरंगाबाद येथील गल्ल्यांतून आहेत. या गाड्यांचे काम म्हणजे पोटापाण्याचा एक चांगला धंदा आहे. मात्र गाडी पासिंगमध्ये अडकली की मालकाचे पैसे अडकतात, गॅरेजमधली जागा अडते आणि कारागिराचे नावही खराब होते. म्हणून या कामाची नीट माहिती आपल्या बांधवांना असणे जरुरीचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर गाडी तपासून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते. धंद्याच्या गाडीचे तसे नाही. टेम्पो, टॅक्सी, ट्रक यांना फिटनेस सर्टिफिकेट लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांचे मिळते, त्यापुढील गाडीला दरवर्षी घ्यावे लागते. म्हणजे जुन्या टेम्पोच्या मालकाला ही परीक्षा दर साल आहे आणि जुन्या मोटारीच्या मालकाला पाच सालांतून एकदा. तपासणीत पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी मात्र बऱ्याच अंशी त्याच आहेत.

खर्चाचा हिशेब आधीच करावा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती १०,००० करण्यात आली. पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षे केव्हाच उलटली, तेव्हा प्रत्येक पद्मिनी या मोठ्या फीमध्येच बसते. परदेशी बनावटीच्या मोटारीला याहून कितीतरी अधिक, म्हणजे ८०,००० रुपये आहेत. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली तर मोटारीला दरमहा ५०० रुपये दंड चढत जातो. मुदतीपूर्वी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, त्या संधीचा फायदा घ्यावा. हे आकडे सरकार बदलत असते. गिऱ्हाइकाला खर्चाचा अंदाज देण्यापूर्वी त्या दिवसाचा दर पाहून घ्यावा.

आता फाइल. जुन्या गाडीच्या बाबतीत इंजिनापेक्षा कागदच अधिक त्रास देतात असा सर्वांचा अनुभव आहे. एमएच नंबर १९८९ साली सुरू झाले. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या अनेक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. मालक फी भरायला बसतो तेव्हा गाडी सापडतच नाही. मग जुने आरसी पुस्तक दाखवून आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. म्हणून गाडी लिफ्टवर चढवण्याआधी मालकाला नोंद तपासायला सांगणारा मिस्त्री शहाणा. विमा आणि पीयूसी चालू हवी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आहे, तीही बसवून घ्यावी.

चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतली जाते. गंजामुळे किंवा रंगाच्या थरामुळे नंबर दिसत नसेल तर तो भाग रॉकेलने व मऊ ब्रशने साफ करावा. ग्राइंडर लावू नये आणि पंच मारून अक्षर ठळक तर मुळीच करू नये. छेडछाड झाल्याचा संशय आला की मामला पासिंगचा राहत नाही, पोलिसांचा होतो. इंजिन बदललेले असेल, उदाहरणार्थ पद्मिनीत डिझेल इंजिन बसवलेले असेल, तर ते आरसीवर चढलेले असलेच पाहिजे. सीएनजी किटचेही तसेच, आणि त्याच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी.

कामात सर्वांत मोठी गोष्ट ब्रेकची. नियमाप्रमाणे ताशी ३० किलोमीटर वेगात असलेली मोटार १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाडीला हे अवघड नाही, पण तिची ठेवण बरोबर हवी. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीत व्हील सिलिंडरचे पिस्टन जाम होतात, कारण ब्रेक ऑइल हवेतील दमटपणा ओढून घेते आणि मुंबईची हवा तर आपल्याला ठाऊकच आहे. एक सिलिंडर जाम असला की ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. तपासणीस ट्रॅकवर हीच गोष्ट पहिल्यांदा पाहतो. यंत्रावरच्या तपासणीत तर डाव्या-उजव्या चाकांच्या जोराचा फरक सरळ आकड्यात दिसतो.

असे झाल्यास एकच चाक उघडून भागवू नये. एका धुरीवरील दोन्ही बाजूंचे काम एकदम करावे. लायनर दोन्हींकडे एकाच मालाचे टाकावेत. ड्रम अंडाकार झाला असेल तर दोन्ही ड्रम लेथवर सारखे फिरवून घ्यावेत. रबराचे वायसर पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडावी. त्या तेलाने रबर फुगते आणि महिन्याभरात पेडल बसू लागते. रबर ब्रेक ऑइलनेच धुवावे. शू आधी ॲडजस्ट करावेत, मग हवा काढावी, आणि हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. जुन्या गाड्यांत ब्रेकची बहुधा एकच लाइन असते. एका जागी गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे गंजलेला पाइप सोल्डर लावून चालवणे हा गुन्हाच समजावा. हँडब्रेकने गाडी उतारावर उभी राहते की नाही, हे गॅरेजबाहेरच पाहून घ्यावे.

स्टिअरिंगच्या चक्राला ३० अंशांपर्यंत प्ले नियमात चालतो. बॉक्स आवळून प्ले कमी करण्याची घाई करू नये. आधी टाय रॉड एंड आणि किंग पिन पाहावेत, दोष बहुतेक वेळा तेथेच निघतो. बॉक्स जास्त आवळला तर चक्र जड होते आणि आतील दात खराब होतात. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. गाडी कमी चालल्यामुळे नक्षी भरपूर दिसते, पण बाजूचे रबर तडकलेले असते. असे टायर पासिंगला चालले तरी हायवेला धोकादायक.

पत्र्याच्या कामात आपले कारागीर वाकबगार आहेत, पण खरे सांगायचे तर फसवणूकही इथेच होते. दाराखालचा आणि पायाखालचा पत्रा सडलेला असतो, त्यावर लांबी भरून रंग मारला जातो आणि गाडी चकचकीत दिसते. तपासणीसाने खालून हातोडीचा एक हलका टोला मारला की आवाजावरून कळते. पद्मिनीसारख्या गाडीला वेगळी चेसिस नाही, तो पत्राच गाडीचा भार उचलतो. तेव्हा सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून नवा पत्रा वेल्डिंग करणे हाच उपाय आहे. त्याआधी बॅटरी सोडावी आणि पेट्रोलची टाकी उतरवावी. हे काम महाग आहे. मालकाला तसे आधीच सांगावे, जमल्यास कापलेला भाग दाखवावा.

धुराच्या बाबतीत सन २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम इतकी मर्यादा आहे. ती सैल आहे. पॉइंटचा गॅप, प्लग, टायमिंग ठीक असेल आणि कार्बोरेटरची निडल झिजलेली नसेल तर इंजिन गरम झाल्यावर गाडी सहज पास होते. केवळ पीयूसीपुरते मिक्श्चर पातळ करून देणारे लोक आहेत. ती गाडी दुसऱ्याच दिवशी सिग्नलवर बंद पडते.

दिवे मंद असतील तर नवे बल्ब घेण्याआधी अर्थ साफ करावा. वायपर, हॉर्न, आरसे, मागील रिफ्लेक्टर ही किरकोळ कामे आहेत, पण फेरा वाया जातो तो बहुधा त्यांच्यापायीच.

धंद्याच्या गाड्यांसाठी आता जागोजागी स्वयंचलित तपासणी केंद्रे येत आहेत. तेथे निकाल यंत्र देते, ओळखीपाळखीचा उपयोग नाही. नापास गाडी दुरुस्त करून फेरतपासणी मागता येते, पण तीही नापास झाली तर गाडी भंगारात जाण्याची वेळ येऊ शकते. टेम्पो हेच ज्याचे भांडवल आहे, त्याने पहिल्याच खेपेला तयारीने जावे.

राहिला प्रश्न पन्नास वर्षांवरील गाड्यांचा. २०२१ च्या नियमांनुसार मूळ स्वरूपात ठेवलेल्या अशा मोटारीची व्हिंटेज म्हणून दहा वर्षांसाठी नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढील नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. हिशेब आकर्षक वाटतो, परंतु व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. लग्नाच्या वरातीसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणाऱ्या बांधवांनी हे विशेष लक्षात घ्यावे. व्हिंटेज नोंदणीवर भाडे घेता येणार नाही आणि साध्या खाजगी नोंदणीवरही ते नियमबाह्यच आहे. त्यासाठी गाडी धंद्याच्या वर्गात नोंदवावी लागते, आणि मग फिटनेस दरवर्षी.